अंतर एक, वेळा अनेक : दोन विमानतळांमधले गणित

आजचा विषय तसा घरगुती आहे. मुलगा किंवा मुलगी दिल्लीहून येणार असते. आपण विचारतो, "किती वाजता पोहोचशील?" उत्तर येते, "सव्वादोन तासांचं विमान आहे." इथपर्यंत ठीक. पण हे सव्वादोन तास आले कुठून? पुणे ते दिल्ली अंतर किती, विमानाचा वेग किती, आणि भागाकार केला तर सव्वादोन तास येतात का? नाही येत. आजच्या व्याख्यानात आपण हाच न जुळणारा हिशोब जुळवणार आहोत.

हा विषय पौडला बसून बोलण्याला कारण आहे. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. तिची रेष मनाने पश्चिमेकडे वाढवत नेली, तर ती मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकावरून, हिंजवडी-मारुंजीच्या आसपासून जाते. विमान पश्चिमेकडून उतरायला येते तेव्हा त्या बाजूच्या लोकांना ते रांगेत खाली येताना दिसते. शिवाय मुळशीच्या पश्चिमेला सह्याद्रीची धार आहे आणि तिच्यापलीकडे कोकण नि मुंबई. म्हणजे आपल्या तालुक्याच्या एका टोकाला आयटी पार्कातून रोज विमान पकडायला निघणारे लोक, आणि दुसऱ्या टोकाला विमानाला सांभाळून ओलांडावे लागणारे डोंगर. अंतर आणि वेळ समजून घ्यायला याहून चांगली जागा कुठली?

आधी अंतर

"दोन विमानतळांमधले अंतर" म्हणजे नेमके काय? रस्त्याचे अंतर म्हटले की आपल्याला कळते. गाडीच्या मीटरवर आकडा पडतो. आकाशात रस्ता नाही. म्हणून दोन्ही विमानतळांचे ठरलेले मध्यबिंदू घेतात आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावरून त्यांच्यामधले सगळ्यात कमी अंतर मोजतात. विमानतळांच्या यादीत जो आकडा दिसतो, तो हा. विमान प्रत्यक्ष किती किलोमीटर उडाले, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही, हे आत्ताच लक्षात ठेवा.

हा आकडा घरी काढता येतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर. हे सगळीकडे जवळजवळ सारखेच. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून लांब जाल तसा आकसत जातो, कारण सगळ्या रेखावृत्तांना शेवटी ध्रुवावर एकत्र यायचे असते. संत्र्याची फोड डोळ्यांसमोर आणा, मध्ये रुंद आणि टोकाला निमुळती. आपल्या पुणे-मुंबईच्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटर भरतो.

आता लोहगाव आणि मुंबईचा सांताक्रूझ विमानतळ घेऊ. अक्षांशांत फरक सुमारे ०.५१ अंश, म्हणजे ५७ किलोमीटर. रेखांशांत फरक सुमारे १.०५ अंश, म्हणजे ११० किलोमीटर. एक बाजू ५७, दुसरी ११०, मधला कोन काटकोन. शाळेतला पायथागोरस आठवा. कर्ण येतो सुमारे १२४ किलोमीटर. रस्त्याने हेच अंतर दीडशेच्या घरात जाते, कारण रस्त्याला खंडाळ्याचा घाट उतरायचा असतो.

पौडहून हिशोब करायचा झाला, तर लोहगाव सरळ रेषेत सुमारे ३३ किलोमीटर, नवी मुंबईचा नवा विमानतळ सुमारे ७६ आणि सांताक्रूझ सुमारे १००. हे आकडे शेवटी पुन्हा लागणार आहेत.

दोरा आणि भिंतीवरचा नकाशा

पुणे-मुंबईएवढ्या छोट्या अंतराला पायथागोरस पुरतो. अंतर वाढले की पृथ्वीचा गोलपणा आड येतो. मुंबई ते लंडन घ्या. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती पर्शियन आखात, इराक, सीरिया, तुर्कस्तान अशी जाते. पण पृथ्वीचा गोल घ्या आणि मुंबई व लंडन यांच्यामध्ये एक दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. तो कराचीजवळून, इराणवरून, कॉकेशसच्या डोंगरांवरून, काळ्या समुद्रावरून पूर्व युरोपात शिरतो. ताणलेला दोरा सगळ्यात आखूड वाटच धरतो. त्या वाटेने अंतर भरते सुमारे ७२०० किलोमीटर. या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात, म्हणजे गोलावर काढता येणाऱ्या सगळ्यात मोठ्या वर्तुळाचा तुकडा.

आता गंमत बघा. ही सगळ्यात आखूड वाट आज भारतीय विमानाला जशीच्या तशी वापरता येत नाही. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आपले आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केले आणि पुढे ती मुदत वेळोवेळी वाढवली. त्याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत असेच झाले होते. म्हणजे मुंबई आणि लंडन एक मीटरसुद्धा लांब गेले नाहीत, पण प्रवास लांबला. अंतराचा आकडा भूगोलातून येतो. वेळेच्या आकड्यात भूगोल असतो, हवा असते, यंत्र असते आणि राजकारणही असते.

न जुळणारा हिशोब

आता पुणे-दिल्लीकडे येऊ. सरळ अंतर सुमारे ११५० किलोमीटर. आपल्या देशात नेहमी दिसणारी मध्यम आकाराची प्रवासी विमाने उंचावर गेल्यावर ताशी साधारण ८३० किलोमीटर वेगाने जातात. ११५० भागिले ८३०, उत्तर येते १ तास २३ मिनिटे. तिकिटावर वेळ असते साधारण २ तास १० ते २० मिनिटे. आपण मधली २ तास १५ धरू. म्हणजे ५२ मिनिटे जास्त. ही ५२ मिनिटे कुठे जातात? पुढचे आकडे अदमासे आहेत, रोज थोडे इकडेतिकडे होणारे, पण त्यांचे एकमेकांशी प्रमाण खरे आहे.

पहिला वाटा जमिनीवरचा. तिकिटावरची वेळ म्हणजे हवेत राहण्याची वेळ नव्हे. उभ्या विमानाच्या चाकांपुढे ठोकळे लावलेले असतात, आपण उतारावर ट्रकच्या चाकाला दगड लावतो तसे. ते ठोकळे काढून विमान जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते, आणि मुक्कामाला पोहोचून पुन्हा ठोकळे लागले की थांबते. या वेळेला इंग्रजीत ब्लॉक टाइम म्हणतात. यात धावपट्टीपर्यंत जाणे आले, रांगेत थांबणे आले, उतरल्यावर टर्मिनलपर्यंत येणे आले. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे, १९३९ पासूनचा. सुखोई विमाने तिथूनच उडतात. धावपट्टी एकच, त्यामुळे प्रवासी विमानाला कधीकधी थांबावे लागते. दिल्लीत धावपट्ट्या चार, पण विमानतळ एवढा पसरलेला की उतरल्यावर "आपण रस्त्यानेच गुरगावला निघालो की काय" असे वाटावे. दोन्हीकडचे मिळून २२ मिनिटे धरा.

दुसरा वाटा चढ-उताराचा. ताशी ८३० हा वेग वरचा आहे. विमान जमीन सोडते तेव्हा वेग याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो. १० हजार फुटांच्या खाली वेगावर साधारणपणे मर्यादा असते, २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर. वर चढायला वीसेक मिनिटे लागतात आणि उतरण्याची तयारी मुक्कामाच्या दीड-दोनशे किलोमीटर आधी सुरू होते. म्हणजे ११५० किलोमीटरांपैकी बराच भाग विमान आपल्या पूर्ण वेगाने जातच नाही. यात १२ मिनिटे जातात. प्रवास जितका छोटा, तितका हा वाटा मोठा. म्हणूनच पुणे-मुंबई विमानाचा हिशोब कधी नीट बसत नाही. १२४ किलोमीटरला ताशी ८३० ने नऊ मिनिटे हवीत, वेळापत्रकात मात्र तासाभराचा प्रवास असतो. विमान चढून सरळ होते न होते, तोच उतरायला लागते. ही विमानसेवा अधूनमधून सुरू होते नि बंद पडते, त्याचे एक कारण हेच.

तिसरा वाटा वाकड्या वाटेचा. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर चढते आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरते, कारण समोरून वारा असला की पंखांना उचल लवकर मिळते. लोहगावच्या धावपट्टीचे क्रमांक १० आणि २८. हे क्रमांक म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचे शून्य काढून. १० म्हणजे १०० अंश, साधारण पूर्व. २८ म्हणजे २८० अंश, साधारण पश्चिम. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमान पश्चिमेकडे, मुळशीकडे तोंड करून उडते. जायचे आहे उत्तरेला दिल्लीला! मग वळसा आला. पुढे आकाशातले ठरलेले मार्ग, हवाई दलाची राखीव क्षेत्रे, दिल्लीजवळ उतरणाऱ्या विमानांची ओळ. सगळे मिळून साठ-सत्तर किलोमीटर जास्त उडणे होते आणि ५-६ मिनिटे जातात. आपण ६ धरू.

चौथा वाटा सावधगिरीचा. कंपनी वेळापत्रक बनवते तेव्हा मागच्या हंगामांचा अनुभव बघते. रोज कुठेतरी दहा मिनिटे वाया जातात, तर ती आधीच वेळेत घालून ठेवते. ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत आलेले विमान वेळेवर आले असे धरण्याची रीत आहे. वेळापत्रकात थोडी हवा भरून ठेवली की वेळेवर येणाऱ्या विमानांचा टक्का सुधारतो. यात फसवणूक नाही, आपणही लग्नपत्रिकेवर मुहूर्त लिहितो आणि पाहुण्यांना तासभर आधी बोलावतो. इथे १२ मिनिटे.

बेरीज करा. ८३ मिनिटे हिशोबाची, २२ जमिनीवरची, १२ चढ-उताराची, ६ वळशाची, १२ सावधगिरीची. १३५ मिनिटे, म्हणजे सव्वादोन तास. हिशोब जुळला. आणि म्हणूनच वैमानिक कधीकधी सांगतो, "आपण वीस मिनिटे लवकर पोहोचत आहोत." त्याने काही वेग वाढवलेला नसतो. वेळापत्रकातली हवा त्या दिवशी वापरावी लागली नाही, इतकेच.

वारा देतो आणि घेतो

लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी, हे जाऊन आलेल्यांनी अनुभवले असेल. कारण उंचावर, नऊ ते बारा किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. विमानाचा ८३० हा वेग भोवतालच्या हवेच्या मानाने असतो. हवाच पुढे सरकत असेल तर तिचा वेग मिळतो, उलटी असेल तर वजा होतो. होडीला प्रवाह असतो तसे.

समजा सरासरी वारा ताशी ६० किलोमीटर आहे. जाताना ८३० वजा ६०, म्हणजे ७७०. ७२०० किलोमीटरला ९ तास २१ मिनिटे. येताना ८९०, म्हणजे ८ तास ५ मिनिटे. आता एक प्रश्न. जाताना जे गेले ते येताना परत मिळाले, म्हणजे फिटंफाट झाली का? करून बघा. वारा नसता तर जाऊन-येऊन १७ तास २१ मिनिटे लागली असती. वाऱ्यासह लागतात १७ तास २६ मिनिटे. पाच मिनिटे बुडाली. कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो आणि सुलट्या वाऱ्यात कमी वेळ. नुकसान जास्त वेळ सोसायचे, फायदा कमी वेळ घ्यायचा. जाऊन-येऊन प्रवासात वारा कधीच पूर्ण परतफेड करत नाही.

अंतर चुकले तर

आतापर्यंतचा हिशोब मिनिटांचा होता. दहा मिनिटे उशीर झाला, तर घरी चहा थंड होतो. पण मुक्काम किती अंतरावर आहे हा अंदाज विमान चालवणाऱ्याचाच चुकला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे.

७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. आलितालिया या इटालियन कंपनीचे एक जेट विमान बँकॉकहून मुंबईला येत होते. जुलैची रात्र, ढगाळ हवा. मुंबईच्या पूर्वेला ऐंशीहून अधिक किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यातल्या डोंगरावर ते आदळले. विमानातले ९४ जण होते, ९४ही गेले. चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा : दिशा-अंतराच्या हिशोबात चूक झाल्यामुळे आपण मुंबईच्या जवळ आलो आहोत असे वैमानिकाला वाटले, आणि तो वेळेआधीच खाली यायला लागला.

या चुकीचा आकार समजून घ्या. ताशी ८३० किलोमीटर म्हणजे मिनिटाला जवळपास १४ किलोमीटर. उतरताना वेग निम्मा केला तरी मिनिटाला सात. वेळेच्या अंदाजात पाच-सहा मिनिटे इकडेतिकडे झाली की चाळीस, पन्नास, सत्तर किलोमीटरांचा फरक पडतो. सपाट मुलखात हा फरक कदाचित पचून जातो. इथे तो पचत नाही, कारण मुंबई समुद्रसपाटीला आणि तिच्या पाठीशी सह्याद्री उभा. मुंबईला उतरण्यासाठी जी उंची योग्य, तीच उंची घाटमाथ्यावर जीवघेणी. लोहगाव विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे ५९२ मीटर उंच आहे. मुळशीतला कोरीगड नऊशे मीटरच्या वर. कळसूबाई १६४६ मीटर.

म्हणून नियम असा केलेला आहे की ढगांत, यंत्रांच्या भरवशावर उडताना, आजूबाजूच्या आठ किलोमीटरांतल्या सगळ्यात उंच अडथळ्यापेक्षा किमान ३०० मीटर वर राहायचे. डोंगराळ मुलखात हेच ६०० मीटर. मुक्काम जवळ आला असे नुसते वाटून भागत नाही, तो जवळ आल्याचे यंत्राने दाखवावे लागते.

ते यंत्र दाखवते कसे? विमान जमिनीवरच्या केंद्राकडे रेडिओचा एक ठोका पाठवते. केंद्र ५० मायक्रोसेकंद थांबून उलट ठोका देते. विमानातले यंत्र जाऊन-येऊन लागलेली वेळ मोजते, ते ५० वजा करते आणि अंतर सांगते. रेडिओलहर एका किलोमीटरवर जाऊन परत यायला सुमारे ६.७ मायक्रोसेकंद घेते. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनीवरून खोली ओळखावी, तसाच हा प्रकार, फक्त आवाजाऐवजी रेडिओ. उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रणाही लहरीला लागलेली वेळच मोजते. म्हणजे बघा, आपण अंतरावरून वेळ काढायला निघालो होतो, आणि विमान वेळेवरून अंतर काढते!

लहान अंतर म्हणजे सोपे अंतर नव्हे

यंत्रे आली म्हणून डोंगर सोपे झाले, असे मात्र समजू नका. २०२४ साली मुळशीने सव्वा महिन्यात दोन अपघात पाहिले. २४ ऑगस्टला जुहूहून हैदराबादकडे निघालेले हेलिकॉप्टर पौडजवळ कोसळले. पाऊस जोरात होता. सुदैवाने चौघेही वाचले. २ ऑक्टोबरला सकाळी बावधनहून जुहूकडे निघालेले हेलिकॉप्टर उडाल्यानंतर थोड्याच वेळात डोंगराळ भागात पडले आणि तिघांचा जीव गेला. त्या वेळी तिथे धुके होते, असे पहिल्या बातम्यांत आले होते.

बावधन ते जुहू सरळ अंतर काढा. १२० किलोमीटरसुद्धा भरत नाही. हेलिकॉप्टरला अर्ध्या तासाचा प्रवास. कागदावर एवढासा. पण कागदावरच्या आकड्यात धुके नसते, घाट नसतो, ताम्हिणीचा पाऊस नसतो. पहिल्या हेलिकॉप्टरचीही वाट बघा. जुहू आणि हैदराबाद यांच्यामध्ये दोरा ताणला तर तो चाकणच्या आसपासून जातो, पौड त्याच्या बरेच दक्षिणेला राहते. प्रत्यक्ष वाट आणि कागदावरची रेष वेगळ्या असतात त्या अशा.

तेव्हा खराब हवेमुळे विमान उशिरा सुटले, किंवा मुंबईऐवजी दुसरीकडे नेले, तर चिडचिड होणारच. पण "दीडशे किलोमीटरसाठी एवढा वेळ?" हा प्रश्न विचारण्याआधी हा डोंगर आठवावा. थांबलेले विमान वेळ खाते. घाईत निघालेले काय खाऊ शकते, ते या तालुक्याला सांगायला नको.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : आम्ही हिंजवडीला राहतो. दिल्लीला जायचे तर लोहगाव बरे की नवी मुंबई?*

ताई, आपण आज जे केले तेच इथे करू. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात प्रवासी विमाने सुरू झाली. हिंजवडीहून तो सरळ रेषेत सुमारे ८३ किलोमीटर, द्रुतगती मार्गाने शंभराच्या आसपास. लोहगाव सरळ रेषेत वीस किलोमीटरसुद्धा नाही. पण हे वीस किलोमीटर शहरातून जातात. संध्याकाळी त्याला दीड तास लागला, तर तुमच्या रस्त्याचा सरळ रेषेतला वेग ताशी १३ किलोमीटर झाला. तेवढ्या वेळात विमान दिल्लीच्या अर्ध्याहून जास्त वाट कापते. तरी दिल्लीसाठी लोहगावच बरे पडेल, कारण द्रुतगती मार्गाला दोन तास आणि घाटात कोंडी झाली तर त्याहून जास्त. परदेशी जायचे असेल आणि लोहगावहून थेट विमान नसेल, तर मात्र हिशोब उलटतो. मध्ये कुठेतरी उतरून विमान बदलण्यात जे तीन-चार तास जातात, त्यापेक्षा घाट उतरणे स्वस्त पडते.

*प्रश्न : विमाने आणखी वेगाने का उडवत नाहीत? वेळ आपोआप वाचेल.*

काका, पुणे-दिल्लीच्या १३५ मिनिटांत पूर्ण वेगाचा भाग किती होता, आठवा. समजा वेग दहा टक्क्यांनी वाढवला, तर त्या ८३ मिनिटांतली जेमतेम सात-आठ वाचतील. बाकीची ५२ जिथल्या तिथे. आणि त्या सात-आठ मिनिटांसाठी इंधन बरेच जास्त जाळावे लागेल, कारण ध्वनीच्या वेगाजवळ गेले की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. देशातल्या देशात वेळ वाचवायचा, तर तो जमिनीवर वाचवावा लागेल. धावपट्टीची रांग, तपासणीची रांग, आणि पौडहून चांदणी चौक ओलांडून लोहगावला जाणारा रस्ता.

*प्रश्न : मग मुलाने "सव्वादोन तास" सांगितले, तर आम्ही जेवायला कधी वाढायचे?*

विमान सुटण्याच्या वेळेत सव्वादोन तास मिळवा, ती झाली ठोकळे लागण्याची वेळ. त्यात सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. पुढे पौडपर्यंत रस्त्याचे दीड-दोन तास. म्हणजे सुटल्यापासून साडेचार तासांच्या आत पान मांडू नका. सरळ रेषेत ११५० किलोमीटर सव्वादोन तासांत, आणि शेवटचे ३३ किलोमीटर जवळपास तेवढ्याच वेळात.

वेळ संपली आहे, इथे थांबू. अक्षांश-रेखांश कुठल्याही नकाशात मिळतात. आपल्या गावापासून नातेवाइकांच्या गावापर्यंतचे अंतर १११ आणि १०५ हे दोन आकडे घेऊन घरी काढून बघा. उत्तर गोव्यासारख्या दक्षिणेच्या ठिकाणालाही चालेल, दिल्लीच्या बाजूला मात्र रेखांशासाठी १०५ ऐवजी १०२ घ्या.